रेणूंचे गणित आणि गणिताविना रसायनशास्त्र

२०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांपैकी दोघांच्या कामात परीक्षानळीला जागाच नव्हती. डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर हे लंडनच्या ‘गूगल डीपमाइंड’ या कंपनीतील संशोधक. अमिनो आम्लांचा क्रम दिला की त्यांपासून बनणाऱ्या प्रथिनाचा रेणू अवकाशात कसा दुमडला जाईल याचे भाकीत करणारी ‘अल्फाफोल्ड’ ही संगणकप्रणाली त्यांनी उभी केली. तिसरे मानकरी अमेरिकेतील डेव्हिड बेकर. त्यांनी निसर्गात नसलेली प्रथिने आधी संगणकावर आखली आणि मग प्रयोगशाळेत घडवून दाखविली. प्रथिनांच्या घडीचा हा प्रश्न अर्धे शतक शास्त्रज्ञांना छळीत होता. औषध शरीरात नेमके कोठे जाऊन बसते, एखाद्या आनुवंशिक रोगात काय बिघडते, याची उत्तरे त्या घडीत दडलेली असतात. तेव्हा पारितोषिक अनाठायी गेले असे कोणी म्हणणार नाही.

परंतु या घटनेने आपल्याकडचा एक समज अधिकच दृढ केला आहे. रसायनशास्त्राचे भवितव्य आता संगणकात आहे. संगणकाला ना कोट्यवधींची उपकरणे लागतात, ना आयात केलेली रसायने. सबब भारतासारख्या देशाला विज्ञानाच्या अग्रभागी जाण्याचा हा स्वस्तातला मार्ग होय, असा तो समज. तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तपासून पाहावयास हवा. या क्षेत्रात यंत्र ही खरोखरच दिवसेंदिवस स्वस्त होत चाललेली वस्तू आहे. महाग आहेत त्या दुसऱ्या दोन गोष्टी: रसायन आणि गणित ही दोन्ही जाणणारा माणूस, आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपून केलेली मोजमापे. आपल्या अंदाजपत्रकांत नेमक्या याच दोन गोष्टींना सर्वांत कमी जागा मिळते.

रेणूचे वर्तन गणिताने सांगता यावे ही आकांक्षा जुनी आहे. पुंजयामिकीची, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सची, समीकरणे १९२०च्या दशकात मांडली गेली. १९२९ मध्ये पॉल डिरॅक यांनी असे प्रतिपादन केले की, रसायनशास्त्राच्या बहुतांश भागामागचे मूलभूत नियम आता ज्ञात झालेले आहेत. अडचण एवढीच की त्यांतून निघणारी समीकरणे सुटण्याजोगी नाहीत. त्या ‘एवढीच’मध्ये पुढचे जवळजवळ शतक खर्ची पडले. समीकरणे अचूक सुटत नाहीत तर ती पुरेशी जवळपास कशी सोडवावीत, याच्या रीती शोधण्यात पिढ्या गेल्या. १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल अशाच दोघांना मिळाले. त्यांपैकी जॉन पोपल हे केंब्रिजचे गणिताचे पदवीधर, तर वॉल्टर कोन हे भौतिकीचे. पोपल यांनी १९७० मध्ये प्रसृत केलेली ‘गॉसियन’ ही प्रणाली पुढे जगभरच्या रसायनशास्त्र विभागांत पोचली.

दुसरी वाट अणूंच्या हालचालींची. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी शिकागोजवळच्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९६४ साली द्रवरूप अर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर मांडून दाखविली. रीत तत्त्वतः सोपी आहे. प्रत्येक अणूवर इतर अणूंचे किती बल पडते ते काढावयाचे. न्यूटनच्या नियमाने तो अणू किंचित पुढे सरकवावयाचा. बल पुन्हा काढावयाचे, अणू पुन्हा सरकवावयाचा. मात्र यातले एकेक पाऊल सेकंदाच्या दहा लाख अब्जांश भागाएवढे असते. १९७७ मध्ये हार्वर्डच्या मार्टिन कारप्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत ५८ अमिनो आम्लांच्या एका लहानशा प्रथिनाला प्रथम लावली. एवढ्या खटाटोपातून त्या प्रथिनाच्या ‘आयुष्या’तील जो काळ पाहावयास मिळाला तो होता ९.२ पिकोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा जो दशलक्षांश, त्याच्या नऊपटीहून किंचित अधिक. तरीही प्रथिन ही दगडी मूर्ती नसून सतत थरथरणारी वस्तू आहे, हे त्यातून दिसले. कारप्लस यांना मायकेल लेव्हिट व अरिय वॉर्शेल यांच्यासह २०१३ मध्ये नोबेल मिळाले.

या नामावळीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यांतले फार थोडे लोक एकाच विषयाच्या कुंपणात वाढले. जम्पर यांचेच उदाहरण घेतले तर त्यांचे पदवीशिक्षण भौतिकी आणि गणितात झाले. नंतर त्यांनी प्रथिनांच्या हालचालींचे संगणकीय संशोधन करणाऱ्या एका खाजगी संस्थेत काही वर्षे काम केले, २०१७ मध्ये शिकागो विद्यापीठातून सैद्धांतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली, आणि मग ते डीपमाइंडमध्ये गेले. बेकर हार्वर्डमध्ये शिकू लागले ते तत्त्वज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. जीवशास्त्राकडे ते नंतर वळले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याचे दार त्यांच्या शिक्षणव्यवस्थेने उघडे ठेवले होते. ते प्रज्ञावंत होते हे तर खरेच. पण प्रज्ञा सर्वत्र असते, दारे सर्वत्र नसतात.

आता दुसऱ्या महाग वस्तूकडे, म्हणजे मोजमापांकडे वळू. अल्फाफोल्डला कोणी शिकविले? प्रथिनांच्या रचनांचा एक जागतिक सार्वजनिक संग्रह आहे, ‘प्रोटीन डेटा बँक’ या नावाचा. १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन येथे तो सुरू झाला तेव्हा त्यात अवघ्या सात रचना होत्या. त्यापूर्वी मॅक्स पेरुट्झ यांना हिमोग्लोबिनच्या रचनेपर्यंत पोचावयास दोन दशकांहून अधिक काळ लागला होता. प्रथिन शुद्ध करावयाचे, त्याचे स्फटिक बनवावयाचे, त्यावर क्ष-किरण सोडावयाचे, आणि स्फटिक नीट बनला नाही की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा, असे हे काम. देशोदेशींच्या संशोधकांनी अशा रीतीने मिळविलेल्या सुमारे १ लाख ७० हजार रचना समोर ठेवून अल्फाफोल्डची प्रणाली तयार झाली. एका रचनेमागे सरासरी एक लाख डॉलर खर्च येतो, असा या संग्रहाच्या चालकांचा अंदाज आहे. तो मान्य केला तर या शिकवणीची फी सतरा अब्ज डॉलरच्या घरात जाते, आणि तिचा मोठा हिस्सा निरनिराळ्या देशांच्या करदात्यांनी भरलेला आहे.

२०२१ मध्ये डीपमाइंडने आपली प्रणाली खुली केली, आणि २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांची भाकिते सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिली. हा कंपनीचा मोठेपणा मान्य करावयास हवा. परंतु मे २०२४ मध्ये तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली ती प्रणालीची संहिता राखून ठेवूनच; शास्त्रज्ञांनी जाहीर नापसंती व्यक्त केल्यानंतर नोव्हेंबरमध्ये ती खुली झाली, तीही केवळ अव्यापारी उपयोगासाठी. गावाने साठविलेल्या धान्यावर खाजगी गिरणी चालली, तर पीठ कोणाचे हा प्रश्न केव्हा ना केव्हा निघणारच. ज्या देशांनी धान्यही घातले नाही आणि ज्यांच्याजवळ गिरणीही नाही, त्यांना तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकारही फारसा उरणार नाही.

भारताने या कोठारात काहीच घातले नाही असे मात्र नाही. १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी प्रथिनांची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही याचा नकाशा सिद्ध केला. तो ‘रामचंद्रन आलेख’ आजही जगभर प्रथिनाची नवी रचना तपासण्यासाठी वापरला जातो. त्या काळी मद्रासेत महासंगणक नव्हता. मेजावरील हिशेबयंत्रांवर आकडेमोड झाली. होती ती भौतिकी, रसायन आणि भूमिती एकत्र जाणणारी माणसे, आणि त्यांना एकत्र ठेवणारा एक विद्यापीठीय विभाग.

पुण्यालाही अशी एक परंपरा आहे. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात डॉ. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेणूभोवतीच्या विद्युतविभवाचा अभ्यास स्वतः प्रणाली लिहून केला, आणि त्या कामाने जागतिक मान्यता मिळविली. अमेरिकेने महासंगणक देण्यास खळखळ केल्यानंतर १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ची स्थापना पुण्यातच झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथेच आहे, २००६ पासूनची ‘आयसर’ही येथेच. आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्ह्यातील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या केंद्राला खगोलशास्त्रासाठी ‘परम रुद्र’ मिळाला. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, आणि तिच्यातून देशभर तीसहून अधिक यंत्रे बसली. हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही.

तथापि सरकारी हिशेबाची एक रीत येथे ध्यानात घ्यावयास हवी. महासंगणक हा भांडवली खर्च. तो एकदा होतो, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. अध्यापकाचे वेतन हा महसुली खर्च. तो दरमहा होतो, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि वित्त खात्याच्या भाषेत ते एक ‘दायित्व’ असते. साहजिकच काटकसरीची वेळ आली की कात्री चालते ती दुसऱ्यावर. अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहिल्या आणि ती पोकळी तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी भरून काढली, हे महाराष्ट्रातील कोणत्याही प्राचार्यास सांगावे लागत नाही. संशोधनावरील एकूण राष्ट्रीय खर्च २०२०-२१ मध्ये सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले, पण त्यातील बहुतांश रक्कम सरकारी तिजोरीबाहेरून येईल अशी अपेक्षा होती. खाजगी पैसा यंत्राला मिळेल, एखाद्या औषधाच्या प्रकल्पालाही मिळेल. जिल्ह्याच्या गावी बी.एस्सी.च्या वर्गाला गणित शिकविणाऱ्याला मिळेल असे मानण्यास आधार नाही.

आणि प्रश्न नेमका त्या वर्गाचा आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थी या क्षेत्राकडे कोणत्या वाटेने येतो? दहावीनंतर विज्ञानशाखा घेतली की अकरावीलाच गणित की जीवशास्त्र हा प्रश्न उभा राहतो. वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने असंख्य मुलेमुली तेथे गणिताला रामराम ठोकतात. पुढे ‘नीट’मध्ये हवे तेवढे गुण पडत नाहीत, आणि मग बी.एस्सी.चे रसायनशास्त्र वाट्याला येते. भौतिक रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात श्रोडिंजरचे समीकरण असतेच. पण कॅलक्युलस आणि मॅट्रिक्स यांची ओळख नसलेल्या वर्गाला ते शिकविणे म्हणजे अक्षरओळख नसलेल्याकडून ज्ञानेश्वरी पाठ करून घेणे होय. पाठ होते, परीक्षेत उतरविलेही जाते.

एम.एस्सी.ला संलग्न महाविद्यालयांत बहुधा सेंद्रिय किंवा वैश्लेषिक रसायनशास्त्र एवढेच पर्याय असतात. तारापूर, महाड, कुरकुंभ येथील कारखान्यांना त्याच शाखांचे पदवीधर हवे असतात, आणि ज्या घरात पगाराची वाट पाहिली जाते त्या घराने नोकरी देणारी शाखा निवडावी यात काहीच वावगे नाही. परंतु अशा विद्यार्थिनीला पुढे संगणकीय संशोधनाची ओढ लागली, तर दारातच तिच्याकडे रेषीय बीजगणित मागितले जाते, सांख्यिकीय यामिकी मागितली जाते, प्रणाली लिहिण्याचा सराव मागितला जातो. आयसरसारख्या संस्थेत आरंभीच्या काळात गणित आणि सर्व विज्ञाने एकत्र शिकविली जातात, म्हणून तेथील विद्यार्थ्याला ही अडचण येत नाही. पण तेथील जागा थोड्या. उरलेल्यांच्या बाबतीत सोळाव्या वर्षी, बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याने घेतलेला एक निर्णय पंचविसाव्या वर्षी आडवा येतो. यंत्र तर आज आडवे येतच नाही. रेणूंच्या हालचाली मांडणाऱ्या उत्तम प्रणाली विनामूल्य मिळतात, प्रथिनांचा संग्रह खुला आहे, आणि साध्या संगणकावरही शिकण्यापुरते बरेच काही करता येते. नांदेडच्या आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यासमोरची सामग्री इतकी सारखी पूर्वी कधीच नव्हती.

सामग्री आली आणि शिक्षण आले नाही म्हणजे काय होते, याचा एक नमुना डोळ्यांसमोर आहे. प्रथिनातील पोकळीत औषधाचा रेणू किती चपखल बसतो हे संगणकावर पाहण्याच्या रीतीला ‘डॉकिंग’ म्हणतात. उपयुक्त रीत आहे. हजारो रेणूंतून पन्नास निवडावयाचे आणि ते प्रयोगशाळेकडे द्यावयाचे, हे तिचे काम. पण ही प्रणाली कोणालाच नकार देत नाही. कोणताही रेणू द्या, कोणतेही प्रथिन द्या, ती एक आकडा देते. २०२० च्या महासाथीत काढ्यातील घटकांपासून मसाल्यातील द्रव्यांपर्यंत सर्व काही करोना विषाणूच्या प्रथिनांवर बसवून पाहिले गेले आणि त्यावर निबंधांमागून निबंध निघाले. त्या आकड्यांमागची गृहीतके कोणती, पाण्याच्या रेणूंचा परिणाम धरला आहे की नाही, प्रथिन हलते हे विचारात घेतले आहे की नाही, हे प्रश्न फार थोड्यांनी विचारले. परीक्षानळीत पडताळा तर त्याहून थोड्यांनी घेतला. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजणारी व्यवस्था आणि क्षणात आकडा देणारी प्रणाली यांची गाठ पडली की यापेक्षा वेगळे काही घडणे कठीण.

येथे कोणी म्हणेल की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात रसायनशास्त्रज्ञाने गणिताचा एवढा सोस का धरावा? यंत्रच सारे करील. पण अल्फाफोल्डसुद्धा आपल्या भाकिताबरोबर त्याच्या विश्वसनीयतेचा अंक देते. काही प्रथिनांचे काही भाग मुळात ठराविक घडी धारण करीतच नाहीत, आणि तेथे हा अंक खाली येतो. तो अंक वाचता येणे आणि तो पाहून प्रयोग आखता येणे हेच शास्त्रज्ञाचे काम उरते, आणि ते पूर्वीपेक्षा सोपे झालेले नाही.

वाटेवर टिकून राहण्याचाही प्रश्न आहे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ छात्रवृत्ती ४२,००० रुपये झाली. रक्कम क्षुल्लक नाही. पण ती राष्ट्रीय परीक्षेत वरचा क्रमांक आला तरच मिळते, आणि ती वेळेवर हाती पडत नाही ही तक्रार संशोधक विद्यार्थ्यांनी वारंवार जाहीरपणे मांडली आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षे, डॉक्टरेटची पाच, त्यानंतरची दोनतीन. कायम नोकरीचा विचार करण्याजोगी स्थिती येईतो वयाची तिशी उलटते. या विद्यार्थ्याने मध्यंतरी जे शिकलेले असते, म्हणजे प्रणाली लिहिणे आणि प्रचंड आकडेसामग्री हाताळणे, त्याला हिंजवडीच्या बाजारात रसायनशास्त्रापेक्षा कितीतरी अधिक भाव असतो. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरातील मुलाने तो भाव स्वीकारला, तर त्याला ध्येयनिष्ठेची व्याख्याने देण्यात अर्थ नाही. त्याच्या प्रशिक्षणावर झालेला सार्वजनिक खर्च वाया गेला असेही म्हणता येणार नाही. एवढेच की, रेणूंच्या संशोधनासाठी म्हणून घडविलेला माणूस पुढे बँकेच्या कर्जदारांचे गणित करीत बसतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य आणि गौण विषयांची नवी रचना लागू झाली. रसायनशास्त्र मुख्य आणि गणित किंवा संगणकशास्त्र गौण, ही जोडी आता कागदावर शक्य आहे. ही तरतूद खरोखर चांगली. मात्र गौण विषय तोच देता येतो ज्याचा अध्यापक महाविद्यालयात आहे; गणिताची मंजूर जागा जेथे रिक्त आहे तेथे ही जोडी माहितीपुस्तिकेत छापली जाईल आणि वेळापत्रकात येणार नाही. तेव्हा रिक्त जागा भरणे हे पहिले काम, आणि ते शासनाचे. त्याची वाट न पाहता करण्याजोगे एक काम विद्यापीठांच्या हाती आहे. बी.एस्सी. झालेल्या आणि बारावीपूर्वीच गणित सुटलेल्या विद्यार्थ्यांसाठी आठ आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरवावा. त्यात कॅलक्युलस, मॅट्रिक्स, थोडी संभाव्यता आणि प्रणालीलेखन शिकवावे, आणि शेवटच्या आठवड्यात पाण्याच्या दोनशे रेणूंची हालचाल प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावी. पुण्यात हे शिकवू शकणारी माणसे आहेत. यासाठी नवा कायदा नको, नवे यंत्रही नको. अध्यापकांना मानधन हवे आणि बाहेरगावच्या मुलामुलींसाठी वसतिगृहात खोल्या हव्यात. मे महिन्यात त्या बहुधा रिकाम्याच असतात.